पाहुण्यांना काय दाखवायचे?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि मंडळी घरोघर गेल्यावर आम्ही नऊ-दहा जण मागे थांबलो. आंबेडकरी विचारांचे एक साहित्य संमेलन दरवर्षी निरनिराळ्या गावी भरते. पुढच्या खेपेस ते आपल्या नाशकात भरावे, असे आमच्या मंडळींच्या मनात बरेच दिवस घोळत होते. त्यासाठी रीतसर निमंत्रणाचे पत्र द्यावे लागते आणि पत्राबरोबर गावाची माहिती सांगणारे पत्रक जोडावे लागते. आणखी दोन गावांची निमंत्रणे तयार आहेत, अशी कुणकुण आमच्या कानावर आली होती. तेव्हा पत्रक असे झाले पाहिजे की वाचणाऱ्याने म्हणावे, चला, या वर्षी नाशिकलाच!

पत्रकाचा मसुदा एका तरुण कार्यकर्त्याने करून आणला होता. पोरगा हुशार. रंगीत छायाचित्रे घातलेली, अक्षरे मोत्यासारखी. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पुण्यनगरी नाशिक, गोदामाईचा किनारा, रामकुंड, पंचवटी, सीतागुंफा, त्र्यंबकेश्वर, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, थंड हवा, द्राक्षे, चिवडा, झणझणीत मिसळ आणि भारताची वाईन राजधानी. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘पांडवलेणी नावाची प्राचीन लेणी’ असा एक उल्लेख होता.

भिंतीला टेकून बसलेले आमचे एक ज्येष्ठ सहकारी, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, “अरे बाळा, सकाळी पाहुण्यांना पंचशील द्यायचं आणि दुपारी वाईनच्या मळ्यात न्यायचं, असं आहे का?”

सगळे हसले. पोरगा ओशाळला. पण खरे सांगायचे तर दोष त्याचा नाही. त्याने पर्यटनाची पत्रके समोर ठेवली आणि त्यांत जे छापलेले होते ते उतरवून काढले. गावाची ओळख म्हणून शाळेपासून आम्हां सर्वांना जे शिकवले गेले, तेच त्याने लिहिले. आम्हीही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना आधी रामकुंडावर नेत असू आणि मग चिवड्याची पुडी हातात देऊन गाडीत बसवून देत असू. ज्या गावात आपले आजे-पणजे माणुसकीच्या हक्कासाठी उन्हात बसले, त्या गावाचे वर्णन करायला बसलो की आपल्या लेखणीतून दुसऱ्याचेच गाव उतरते. त्या दिवशी हसता हसता हे ध्यानात आले, आणि मग तास-दीड तास जी चर्चा झाली ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

आमच्या ऑफिसात एक तरुण सहकारी आहे. त्याला विज्ञानकथांचे वेड. त्याने आम्हांला सांगितले की विज्ञानकथांच्या वाचकांचे एक जागतिक संमेलन असते. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले भरले. तेथे जागतिक प्रदर्शन चालू होते म्हणून यालाही जागतिक म्हटले, आणि नाव चिकटले ते चिकटलेच. हे संमेलन भरवतात वाचकच, बिनपगारी. आणि पुढचे संमेलन कोणत्या शहरी घ्यायचे हे चार पदाधिकारी बंद खोलीत ठरवत नाहीत, तर वर्गणी भरलेले सभासद मत टाकून ठरवतात, तेही दोन-दोन वर्षे आधी. त्यामुळे ज्या शहराच्या मंडळींना ते आपल्याकडे हवे असते, ती वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या संमेलनात टेबल मांडून बसतात. नकाशे वाटतात, बिल्ले वाटतात, संध्याकाळी खोलीत बोलावून आपल्याकडचे खाणेपिणे देतात. २०१७ सालच्या संमेलनासाठी फिनलंडचे हेलसिंकी, अमेरिकेतले वॉशिंग्टन, कॅनडातले माँट्रियल आणि जपानचे शिझुओका अशी चौघांची चढाओढ झाली. जिंकले हेलसिंकी.

आम्ही विचारले, “मग लोक मत कशावर देतात? समुद्र बघून?”

तो म्हणाला, “साहेब, समुद्र बघून थोडे देतात. पण खरे पाहतात ते हे की, तिथली माणसे हे काम निभावतील का आणि तिथे आपल्यासारखे वाचक आहेत का.”

त्यानेच चीनमधल्या चेंगडू शहराची गोष्ट सांगितली. चेंगडू म्हटले की जगाला पांडा आठवतो. पण १९७९ पासून विज्ञानकथांचे एक मासिक त्या शहरातून निघते आणि त्यावर वाचकांच्या पिढ्या वाढल्या. डिसेंबर २०२१ मध्ये वॉशिंग्टनला मतदान झाले आणि कॅनडाच्या विनिपेगला मागे टाकून २०२३ चे संमेलन चेंगडूला गेले. पुढे तेथे तारखा बदलल्या, जागा बदलली, आणि तेथल्या पुरस्कारांच्या मतमोजणीवरून २०२४ च्या आरंभी मोठा वादही झाला. म्हणजे निमंत्रण जिंकणे ही एक गोष्ट आणि शब्द पाळणे ही दुसरी. आम्हांला त्यातले पांडा आणि मासिक हे एवढेच लक्षात राहिले. आमच्या नाशिकचा पांडा म्हणजे द्राक्षे. मग आमचे मासिक कोणते?

तसे पाहिले तर संमेलने नाशिकला नवी नाहीत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे १९४२ साली आचार्य अत्र्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. २००५ साली झाले तेव्हा अध्यक्ष प्रा. केशव मेश्राम होते. २०२१ च्या डिसेंबरात झाले त्याचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर, म्हणजे तेही विज्ञानकथाच लिहिणारे. त्या खेपेस दिल्ली की नाशिक अशी चर्चा रंगली होती. त्याच दिवसांत नाशकात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. एका गावात एकाच वेळी दोन मांडव! आमच्या घरातल्या मंडळींनी दोन्हीकडे हजेरी लावली. पुस्तके मात्र कोणत्या मांडवातून जास्त आणली, हे वाचकांनी ओळखावे.

असो. मूळ मुद्दा, पाहुण्यांना काय दाखवायचे.

आम्ही म्हटले, पहिल्या क्रमांकाला त्रिरश्मी लेणी. आणि ‘पांडवलेणी’ हे नाव पत्रकात येता कामा नये. लेण्यांचा पांडवांशी काडीचा संबंध नाही. डोंगराचे नाव तेथल्या शिलालेखांतच कोरलेले आहे, त्रिरश्मी. मुंबई-आग्रा रस्त्यावर शहरापासून सात-आठ किलोमीटरवर ही चोवीस लेणी आहेत. जुन्यात जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. पायथ्याशी बुद्धस्मारक आहे आणि श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाची फांदी २०२३ साली तेथे आणून लावली आहे.

आता यात आमच्यासारख्या कारकुनाने आनंदाने नाचावे अशी एक गोष्ट आहे. आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा जमाखर्चाच्या पुस्तकात कधी कोणी हे शिकवले नाही. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. हे लेणे त्याने भिक्षुसंघाला दिले आणि त्याच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. ठेवले कोठे? गोवर्धन येथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांचे संघ. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि त्या दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी द्यायचे.

वाचकहो, जरा हिशेब करा. दोन हजारांचे शेकडा एकने महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे किती? दोनशे चाळीसच. एक कवडी इकडची तिकडे नाही! विहारात आम्ही हे बोटांवर मोजून दाखवले तेव्हा आमचे छापखान्यातले ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “बजेट असं पाहिजे.” शिवाय हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि दप्तरात नोंदवला, असेही त्या लेखात म्हटले आहे. आपल्या समाजात किती मंडळांचे हिशेब सभेत वाचून दाखवले जातात, हा प्रश्न येथे विचारण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. आम्हीही त्यातून सुटलेलो नाही. दोन वर्षांपूर्वीच्या भीमजयंतीचा हिशेब आम्ही चार महिने उशिरा फळ्यावर लावला होता.

आणि ही लेणी काही फक्त राजांनी कोरलेली नाहीत. अठराव्या क्रमांकाचे जे चैत्यगृह आहे, त्याच्या दर्शनी भागावर लिहिले आहे की, हे नासिककरांच्या धंभिक गावाचे दान. एका गावाने मिळून दिलेले. नासिक हे नाव तेथे दगडात कोरलेले आहे! गावाच्या नावावरून शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट जो तो सांगतो, पण ज्या दगडावर गावाचे नाव दोन हजार वर्षे कोरलेले आहे तो दाखवायला पाहुण्यांना कोणी नेत नाही. तिसरे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, दिलेले. उषवदाताची बायको दखमिता हिने एक खोली दिली. आणि एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवल्याची नोंद आहे. ती ठेव तिने कोणाकडे ठेवली? कुंभार, पाण्याची यंत्रे चालवणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे. घामाचे काम करणाऱ्या माणसांच्या पतीवर संघाचे औषधपाणी चालत होते.

हे ऐकून बैठकीतल्या एक ताई म्हणाल्या, “भाऊ, हे पत्रकात घाला. विष्णुदत्तेचे नाव घाला. आमच्या महिला मंडळाच्या बायका दर रविवारी वीस-वीस रुपये टाकतात, त्यांना कळू दे.” ते आम्ही तत्काळ मान्य केले.

दुसऱ्या क्रमांकावरून मात्र वाद झाला. काळाराम मंदिर घालायचे की नाही?

तरुणांचे म्हणणे, घातलेच पाहिजे. नाशिक म्हणजे काळाराम सत्याग्रह. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक मंदिरापर्यंत गेली, तेव्हा दरवाजे बंद होते. मग मंडळी गोदावरीच्या घाटावर गेली आणि सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाज्यांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड सत्याग्रह समितीचे चिटणीस. ते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. वर्षानुवर्षे लढा चालला, दरवाजा उघडला नाही. आणि मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. नागपूरला १९५६ साली जे झाले त्याचे बी येवल्यात पडले. तर मग काळाराम दाखवायचा नाही तर काय दाखवायचे?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे, आपण बौद्ध. आपल्या पत्रकात मंदिराचे छायाचित्र छापून आपण त्या मंदिराचीच जाहिरात करणार का? पाहुणे आत गेले, हात जोडले, प्रसाद घेतला, तर काय म्हणायचे?

आवाज चढले. एकाने दुसऱ्याला, “तुला इतिहास कळत नाही,” असे म्हटले. दुसऱ्याने, “तुला धम्म कळत नाही,” असे म्हटले. आम्ही दोघांना पाणी दिले.

आमच्या वस्तीत एक आजी आहेत. ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचे वडील सत्याग्रहात होते. आजींचा जन्म पुष्कळ नंतरचा, पण घरात ऐकलेले सगळे त्यांच्या तोंडी आहे. बैठकीचा आवाज ऐकून त्या काठी टेकत विहाराच्या दारापर्यंत आल्या होत्या. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “देवळात कशाला नेता लोकांना? माझ्या बापाला देवळात काय होतं ते बघायचंच नव्हतं. त्याला दार बघायचं होतं, ते आपल्याला लावतात का उघडतात. तुम्ही लोकांना दारापाशी न्या. तिथं उन्हात उभं करा अर्धा तास. मार्च महिन्यात. मग चहा पाजा.”

सगळे गप्प झाले. मग ठरले की पत्रकात ‘काळाराम मंदिर’ असे न लिहिता ‘सत्याग्रहाचे चार दरवाजे’ असे लिहायचे. छायाचित्र मंदिराच्या कळसाचे नाही, दरवाज्याचे. आणि पाहुण्यांना बाहेरूनच वाट दाखवून, त्या दिवशीची मिरवणूक जशी गेली तशी पायी घाटापर्यंत न्यायचे. जाताना कोणी तरी सांगणारा बरोबर हवा. आजींना विचारले, तुम्ही सांगाल का? त्या म्हणाल्या, “पाय चालले तर.”

लेखकांच्या बाबतीत मात्र काही वाद झाला नाही. बाबूराव बागूल आमच्या नाशिकरोडजवळच्या विहितगावचे. २००८ साली ते गेले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. २००४ साली गेले. साहित्य संमेलनाला येणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठे तीर्थ कोणते? तीर्थ हा शब्द चुकला खरा, पण राहू द्या. कुसुमाग्रजांचे नाशिक सर्वांना ठाऊक आहे आणि त्यांच्याबद्दल आम्हांलाही आदर आहे. पण वामनदादांचे गाव कोठे आहे, असे बसस्टँडवर दहा जणांना विचारून बघा.

बागुलांचे नाव निघाले आणि गाडी पाहुण्यांच्या मुक्कामावर आली. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ सालचा. त्यातली ती कथा वाचकांनी वाचली असेल. नोकरीसाठी परगावी गेलेला माणूस, राहायला खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि पुढे काय होते ते. साठ वर्षे होऊन गेली. आता असे कोठे राहिले आहे, असे आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणतात.

तर ऐका. मुक्कामाची चौकशी म्हणून आम्ही दोघे जण एका मंगल कार्यालयात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण त्यातून काही साधणार नाही. मॅनेजरने वही उघडली, तारखा पाहिल्या, मोकळ्या आहेत म्हणाला, दर सांगितला, चहा मागवला. मग विचारले, कार्यक्रम कोणता? आम्ही म्हटले, साहित्य संमेलन. तो खूश झाला. नाव काय संमेलनाचे? आम्ही नाव सांगितले. त्याने वही मिटली नाही, आवाज चढवला नाही, काही नाही. फक्त म्हणाला, मालकांना विचारून कळवतो. चहा आला तो आम्ही प्यालो. दोन दिवसांनी फोन केला तेव्हा त्या तारखा भरल्या होत्या. आमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या आडनावाच्या एका मित्राला आम्ही त्याच संध्याकाळी फोन करायला लावला. तारखा मोकळ्या होत्या.

आम्ही त्यावर तक्रार करू शकलो असतो. करावी की नाही यावर अजून आमचे एकमत नाही. पुरावा काय, असे कोणीही विचारील. पण बैठकीत प्रश्न वेगळा निघाला. हे पत्रकात लिहायचे का? गावाची वाखाणणी करणाऱ्या कागदावर असे लिहितात का?

एक जण म्हणाला, वेडे आहात का, मग संमेलन कोण देईल? दुसरी गावे काही त्यांच्याकडचे असले किस्से लिहिणार नाहीत. आपलेच गाव वाईट दिसेल.

हे खरे आहे. पण आम्हांला आठवण झाली एका संमेलनाची. कोणत्या गावचे ते सांगत नाही, ती मंडळीही आपलीच. पत्रकात लिहिले होते, सर्व सोयींनी युक्त निवास. आम्ही कुटुंबासह गेलो. एका शाळेच्या वर्गखोल्यांत सतरंज्या टाकलेल्या होत्या, त्याबद्दल आमची तक्रार नाही, सतरंजीवर झोपून आम्ही मोठे झालो. पण दोनशे बायकांमागे संडास दोन, त्यातल्या एकाला कडी नाही. आमच्या सौभाग्यवतींनी आणि इतर बायकांनी रात्रभर आळीपाळीने दाराशी उभे राहून पाळी केली. दुसऱ्या दिवशी स्त्रीमुक्तीवरचा परिसंवाद उत्तम झाला. वक्त्या मुंबईहून आल्या होत्या आणि त्यांची सोय हॉटेलात होती. समोर बसलेल्या आमच्या बायका झोपेने पेंगत होत्या.

तेव्हापासून घरात नियमच झाला आहे. कोणत्याही संमेलनाचे पत्रक आले की आमच्या सौभाग्यवती परिसंवादांची यादी वाचत नाहीत, संडास किती ते विचारतात.

म्हणून आम्ही बैठकीत आग्रह धरला की पत्रकाच्या मागच्या पानावर जे आहे ते लिहायचे. नाशिकरोड स्टेशनवर उतरल्यावर विहार किती अंतरावर, बस कोठून. बायकांसाठी वेगळा मुक्काम, संडास किती, पाणी किती वाजता येते. लेण्यांना चढायला दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी पायथ्याच्या बुद्धस्मारकात थांबावे, तेथे सावली आहे. येवला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर दूर, तेव्हा मुक्तिभूमीला जायचे तर एक दिवस जास्त काढावा लागेल. देशवंडीला जायचे असेल तर आधी नाव नोंदवा. आणि मुक्काम मंगल कार्यालयात नाही, आमच्या घरांत आहे.

हा शेवटचा ठराव ताईंचा. त्या म्हणाल्या, “हॉलवाल्याच्या पाया कशाला पडता? वस्तीत दीडशे घरं आहेत. घरटी दोन पाहुणे घेतले तर तीनशेची सोय झाली. भाकरी आमची, आमटी आमची. पाहुण्यांनी फक्त चादर आणावी.” आम्ही लगेच कागद घेतला आणि घरटी दोन, कोणाकडे तीन, कोणाकडे खोली एकच म्हणून एक, असा आकडा धरत गेलो. जमत होते. उषवदाताइतके काटेकोर नाही, पण जमत होते. नऊ घरांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांपैकी दोन घरांत बारावीची मुले आहेत, त्यांना सूट दिली. उरलेल्या सातांकडे महिला मंडळ जाऊन येणार आहे. म्हणजे होकार आल्यासारखाच आहे.

मंगल कार्यालयाची हकीगत पत्रकात घालायची की नाही यावर हात वर करून मत घेतले. घालू नये म्हणणारे सहा, घालावी म्हणणारे चार. आम्ही चारांत होतो. हरलो, म्हणून येथे लिहिली. आमच्या सदरावर तरी अजून मतदान होत नाही.

तरुण कार्यकर्त्याने नवा मसुदा दोन दिवसांत आणून दिला. पहिल्या पानावर चैत्यगृहाची कमान, आत दरवाज्याचे छायाचित्र, विष्णुदत्तेचे नाव, दोनशे चाळीस कार्षापणांचा हिशेब, वामनदादा आणि बाबूराव. द्राक्षे त्याने कोपऱ्यात एका ओळीत ठेवली आहेत. ती आम्ही काढली नाहीत. द्राक्षे गोड असतात आणि द्राक्षांच्या बागांत राबणारी माणसे आपलीच आहेत. वाईन मात्र गेली.

परवा आम्ही तो लिफाफा पोस्टाने पाठवला. तिकिटे चिकटवताना आमचे ज्येष्ठ सहकारी शेजारी उभे होते. तिकिटे आपल्याच नाशिकरोडच्या छापखान्यातली, असे त्यांनी पोस्टातल्या मुलीला अभिमानाने सांगितले. तिने मान डोलावून पावती फाडून दिली. संध्याकाळी घरी येताना आजी ओट्यावर बसलेल्या दिसल्या. त्यांनी विचारले, “आलं का उत्तर?” आम्ही म्हटले, “आजी, पत्र आजच गेलं. दोन महिने लागतील.” त्या म्हणाल्या, “मग तोवर मला एकदा त्या दारापर्यंत चालवत नेऊन आण. पाय बघून घेते.”

येत्या रविवारी वंदनेनंतर जायचे ठरले आहे.